सोनटक्के आणि बंद पडलेलं सरकार

ऑस्ट्रेलियात, आमच्या क्लेटनच्या घराच्या वास्तुशांतीला सोनटक्के आले तेव्हा त्यांनी आधी देवाला नमस्कार केला नाही. आहेराच्या पिशव्या तपासल्या. कुणीतरी दिलेली अत्तराची बाटली समईजवळ होती, ती उचलून थेट बाथरूममध्ये नेऊन ठेवली आणि मग हात जोडले. गुरुजी मंत्र थांबवून बघत राहिले. "वर्ग तीन," सोनटक्के त्यांना म्हणाले, "ज्वालाग्राही द्रव. तुमचं चालू द्या."

आम्ही दोघं एकाच कार्गो कंपनीत होतो. मी बिलिंगला, ते धोकादायक माल तपासायला. अशा मालाचे नऊ वर्ग असतात, आणि सोनटक्क्यांनी ते मालापुरते ठेवले नव्हते. आमचा मॅनेजर वर्ग एक, स्फोटक. माझ्या सासूबाई वर्ग आठ, ॲसिडवाला. हे त्यांनी सासूबाईंना समजावूनही सांगितलं. स्वतःला मात्र नवव्यात टाकायचे. "नववा म्हणजे इतर. कुठेच न बसणारे."

त्या वर्षांत युनिला, म्हणजे इथल्या युनिव्हर्सिटीला, आपली मुलं इतकी आली होती की सेमिस्टर संपलं की आमच्या काउंटरवर रांग लागायची. घरी पाठवायचे खोके. सोनटक्के एकेक खोका उघडून डिओडरंट, नेलपॉलिश, पॉवर बँक बाहेर काढत.

"काका, आईसाठी घेतलंय ते," एखादी काकुळतीने म्हणायची.

"म्हणूनच काढतोय, बाळा. आईच्या हातात पोचायला विमान उतरायला हवं ना."

असा हा माणूस एकदा सकाळी फोनवर हसताना ऐकला आणि मी बिल टाईप करायची थांबले. पलीकडे होती मार्गारेट, अमेरिकेतल्या परवान्यांच्या सरकारी ऑफिसातली बाई. काही माल तिकडे पाठवायचा तर त्या ऑफिसचं परमिट लागे, आणि वर्षानुवर्षं ते हीच बाई देत होती. तिकडे आदल्या दिवशीची दुपार असायची, म्हणून सोनटक्के ऑफिसला सगळ्यांच्या आधी येत. ती त्यांना 'मिस्टर सनटॉकी' म्हणायची. तिच्या मांजराचं दुखणं, तिकडचा बर्फ, इकडचं ऊन, शेवटी जाता जाता परमिट. जे नियम त्यांना पाठ होते, तेही ते तिला विचारत.

मग ऋचाची बॅटरी आली. ऋचा युनिमध्ये पीएचडी करत होती. तिने बनवलेली बॅटरी अमेरिकेतल्या एका लॅबमध्ये तपासून हवी होती. बॅटरी नव्या धाटणीची, म्हणून खास परमिट. सोनटक्क्यांनी अर्ज पाठवला, मार्गारेट म्हणाली होईल, आणि नाताळच्या तोंडावर अमेरिकेचं सरकारच बंद पडलं. खर्चाच्या मंजुरीवरून तिथल्या पुढाऱ्यांचं भांडण. मार्गारेटसारख्यांना बिनपगारी घरी बसवलं.

"सरकार बंद कसं पडतं, काका?" ऋचाने विचारलं. "ते काय दुकान आहे?"

"दुकान असतं तर मागच्या दाराने तरी मिळालं असतं," सोनटक्के म्हणाले.

तरी ते रोज सकाळी फोन लावत राहिले. पलीकडे मार्गारेटच्याच आवाजात रेकॉर्ड केलेला निरोप होता. सरकारी निधी नसल्यामुळे मी जागेवर नाही, परत आले की तुम्हाला फोन करीन. सोनटक्के तो शेवटपर्यंत ऐकायचे.

"रोज तेच काय ऐकता?" मी विचारलं.

"बदलला असेल तर कळायला नको?"

जानेवारी तसाच गेला. ऋचाची लॅबमधली तारीख हुकली. ती काउंटरवर येऊन खोक्याकडे बघून जायची. सोनटक्के तिला चहा देत, पण धीराचं काही त्यांना बोलता येत नसे.

शेवटी सरकार उघडलं. त्या सकाळी सोनटक्क्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. फोन एका तरुण माणसाने उचलला. मार्गारेट आता इथे नाही, म्हणाला. बंदच्या काळात तिने नोकरी सोडली. कुठे गेली ते सांगता येणार नाही. सोनटक्के "नो वरीज, मेट" म्हणाले आणि अर्जाचा नंबर सांगू लागले.

परमिट आलं. ऋचाला पुढची तारीख मिळाली आणि बॅटरी गेली. ती पाठवायच्या दिवशी सोनटक्के स्वतः खोक्याला टेप लावत होते.

"मार्गारेटच्या घरचा नंबर घेतला नव्हता तुम्ही?" मी विचारलं.

"ऑफिसच्या फोनवर कसा मागायचा?" ते टेप सरळ करत राहिले. "बंद पडायच्या आदल्या दिवशी तिने आपणहून फोन केला होता. म्हणाली, ऐक, उद्यापासून मी इथे नसेन, तर तुला जर कधी... आणि मी मध्येच अर्जाचा नंबर सांगायला लागलो. ऋचाचं काम अडलं होतं ना. तिने लिहून घेतला. मग म्हणाली, ओके, मिस्टर सनटॉकी."

मी खोक्याचं बिल त्यांच्यापुढे सरकवलं.

"तुम्हाला काय वाटतं," त्यांनी खोक्यावरची नजर न काढता विचारलं, "काय सांगणार होती?"

"नंबर देणार असेल."

"हं," ते म्हणाले. "मलाही तेच वाटतं."