पाण्याचं गाव विचारणारे तात्या

आमच्या शेजारचे तात्या पाणी पिण्यापूर्वी त्याचं गाव विचारीत. कुणाच्या घरी तांब्या पुढे आला, की मुलीसाठी स्थळ पाहायला आल्यासारखे गंभीर होऊन म्हणत, "पाणी कुठलं?" विहिरीचं म्हटलं, की घटाघटा पीत. नळाचं म्हटलं, की तांब्या अलगद खाली ठेवीत. इंदापुरात नळाला धरणाचं पाणी येई. तात्या मात्र सायकलीला घागर बांधून मळ्यातल्या विहिरीवर जात. कारण विचारलं, तर एकच उत्तर : "सोसत न्हाय."

नव्वदीच्या अखेरच्या एका मे महिन्यात आम्ही उभयतांनी हैदराबाद पाहायचं ठरवलं. दोघंही शाळामास्तर, तेव्हा प्रवास एसटीचा, मुक्काम धर्मशाळेचा आणि थाट केवळ माझ्या मनातला. मी त्या काळी कविता करीत असे. चारमिनारच्या सावलीत अत्तराचा दरवळ आपल्याला शोधत येईल, अशी माझी ठाम समजूत होती.

निघायच्या दिवशी तात्या पिशवी घेऊन दारात. "हैद्राबादचं ट्रक जलमभर हितनं जाताना बघतोय. रस्ता कुठं संपतोय, तेवढं बघून येतो."

खोलीच्या भाड्याला तिसरा वाटेकरी मिळतो आहे, हे ध्यानात येताच आमचं मन विशाल झालं. मग त्यांच्या मागचा विहिरीच्या पाण्याचा भला मोठा कॅन दिसला. सबंध प्रवासात तो खिडकीशी बसला आणि मी कडेला.

चारमिनारखाली मी डोळे मिटून दरवळाची वाट पाहिली. आला तो लसणाच्या चटणीचा. तात्यांनी पायरीवर भाकरीचं फडकं सोडलं होतं.

"बाई, डोळं मिटून काय बघताय? उघडायला तिकीट न्हाय."

तिकिटाची खिडकी दिसली, की त्यांचं वाक्य ठरलेलं : "भायेरनं सगळं दिसतंय." गोवळकोंडा आम्ही तटाबाहेरून पाहिला, संग्रहालय फाटकातून. मी हळहळले, पण काटकसरीचा दोष परस्पर तात्यांवर ढकलता येतो, याचं मला बरंही वाटत होतं.

तेलुगू बोलणारी फुलवाली, उर्दू बोलणारा बांगडीवाला, मारवाडी कापडवाला, सगळ्यांशी तात्या इंदापूरच्याच मराठीत बोलत, आणि गंमत म्हणजे सगळ्यांना ते समजे. दुसऱ्या दिवशी दुपारी कॅन रिता झाला. इराणी हॉटेलात त्यांनी गल्ल्यावरच्या म्हाताऱ्या चाचांना नेहमीचा प्रश्न टाकला.

"तालाब का है, मियाँ. बड़ा तालाब."

"त्या तळ्याखाली गावं किती गेली?"

चाचांनी त्यांना नीट न्याहाळलं. "पहले पानी पियो, बड़े मियाँ. हिसाब बाद में."

तात्यांनी पेला सरकवला आणि चहावर चहा मागवला. चहातही तेच पाणी असतं, असं मी सुचवून पाहिलं. ते म्हणाले, "उकाळल्याव पाणी आपलं गाव इसरतं." ही ओळ माझ्या नावावर खपेल का, याचा विचार मी लगेच सुरू केला.

पण त्या उन्हात चहानं काय भागणार? संध्याकाळपर्यंत त्यांचे ओठ तडकले आणि चालताना ते भिंतीचा आधार घेऊ लागले. आमचे यजमान वैतागून म्हणाले, "तात्या, पाणी प्या. नाहीतर मिळेल त्या गाडीनं परत."

आम्ही हुसेनसागराच्या कठड्याशी टेकलो. भाजलेल्या कणसांचा वास, ओला वारा, आणि पाण्याच्या मधोमध पांढरट दगडाची उभी बुद्धमूर्ती. तिच्याकडे होड्या ये-जा करीत होत्या. तात्या कितीतरी वेळ पाहत राहिले.

"पाण्यात हाय, तरी माणसं भेटाया जात्यात?"

"जातात की."

"मग बाई, तिकीट काढा."

होडीत त्यांनी हात खाली सोडला. बोटांमागे पाण्याची रेघ उमटत होती. तिच्याकडे पाहतच ते म्हणाले, "पळसदेवला आमच्या हिला नदीकाठी अग्नी दिला. मागनं धरणाचं पाणी आलं. गावानं देव वर आणला, दारं-चौकटी आणल्या. हिची जागा कशी आणायची? नळ सोडला की वाटतं, तिच्यावरनं आलंय. पियाचं कसं?"

पाण्याच्या उपमांचा माझ्याकडे बराच साठा होता. त्यातली एकही मला आठवली नाही.

मूर्तीपाशी पोचल्यावर त्यांनी ओला तळवा दगडावर टेकवला. दगड दिवसभराच्या उन्हानं अजून कोमट होता. परतीच्या होडीत ते पुन्हा बोलले.

"उन्हाळ्यात पाणी उतरलं की आमच्या जुन्या देवळाचं शिखर दिसतं. हिची जागा तितनं हाकेच्या अंतरावर. होडीवाला वळखीचा हाय. पर कधी गेलो न्हाय. भायेरनंच बघितलं."

"या महिन्यात जाऊ या," मी म्हणाले. "मी येते बरोबर."

"या," ते म्हणाले, आणि माझ्या मांडीवरची बाटली त्यांनी उचलली. ती धर्मशाळेच्या नळावर भरलेली होती. त्यांनी टोपण काढलं, मान वर केली आणि संपेपर्यंत प्याले.

पाणी कुठलं, ते विचारलं नाही.