पुराव्यानिशी नवरा

आमच्या शेजारच्या अंकुश गायकेला वाटीभर कोशिंबीर द्यायची सोय नाही. म्हणजे तो घेतो, चवीनं खातो, पण दुसऱ्या दिवशी वाटी परत करायला आला की मला दारातच उभी करून म्हणतो, "काकू, वाटी जरा वर धरा." मी धरते. तो मोबाइलवर फोटो काढतो. "पुरावा असलेला बरा. उद्या तुम्ही म्हणाल, वाटी आलीच नाय." वाटी, डबा, चाळणी आणि एकदा तर कुकर हातात घेऊन उभी असलेली मी त्याच्या मोबाइलमध्ये इतक्या वेळा आहे, की अनोळखी माणसाला वाटावं, बाईंचं भांड्यांचं दुकान आहे.

अंकुश वाळूजच्या एका कंपनीत तयार माल तपासायला असतो. दिवसभर मापं घ्यायची आणि हा पास, तो रिजेक्ट करायचं. ते घरी आल्यावरही थांबत नाही. हातगाडीवरची मेथीची जुडी उलटीपालटी करून तो "रिजेक्ट" म्हणतो आणि भाजीवाला कपाळावर हात मारतो. आमच्या ह्यांनी एकदा सहज सांगितलं, की तरुणपणी ते दौलताबादचा किल्ला एका दमात चढले होते. अंकुशनं अगदी नम्रपणे विचारलं, "बघणारं कोण होतं, काका?" ह्यांनी पुढे बरेच दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

त्याची बायको सुनीता अजिंठ्याकडची. एका मोठ्या दवाखान्यात अतिदक्षता विभागात नर्स आहे. अंकुशच्या तोंडात तीळ भिजत नाही आणि सुनीताच्या तोंडून शब्द निघत नाही, असं हे जोडपं. ऑस्ट्रेलियाला जायचं तिनं ठरवलं, तेही तिनं आम्हाला सांगितलं नाही. त्यानं जिन्यात उभं राहून सगळ्या मजल्यांना सांगितलं.

तिकडे नर्स हव्या होत्या. शिक्षण, अनुभव, इंग्रजीची परीक्षा यांचे गुण धरून निवड व्हायची. नाइट ड्यूटी करून सुनीतानं ती परीक्षा दिली. पहिल्यांदा थोडक्यात हुकली, दुसऱ्यांदा पास झाली. आता अर्ज तिचा होता आणि हा तिच्याबरोबर नवरा म्हणून जाणार होता. हे देवगाव रंगारीला, त्याच्या गावी कळलं, तेव्हा पारावरच्या मंडळींनी त्याला गाठलं.

"काय अंकुश, बायकोचा पदर धरून चालला म्हणं?"

"व्हय," अंकुश म्हणाला. "तुमच्यापैकी कुणाला हाय का असा धरायला पदर?"

हे त्यानं मला स्वतः सांगितलं, निदान चार वेळा, आणि प्रत्येक वेळी छाती थोडी अधिक पुढे आली.

माशी शिंकली ती व्हिसाच्या एजंटाकडे. लग्नाचा दाखला होता. पण एजंट म्हणाला, दाखल्यानं लग्न झाल्याचं कळतं, संसार चालू असल्याचं कळत नाही. दोघांचे एकत्र फोटो आणा. दोघांच्या नावाचं बँकेतलं खातं दाखवा. एकत्र कुठं फिरायला गेला असाल तर ते दाखवा.

वाटीचा पुरावा ठेवणाऱ्या माणसाकडे स्वतःच्या लग्नाचा पुरावा नव्हता.

फोटो होते, पण प्रत्येकात अख्खं घराणं. अंकुश या टोकाला वडिलांच्या मागे, सुनीता त्या टोकाला जावांच्या मागे, मधे वीस माणसं. देवगावच्या घरात वडिलांसमोर बायकोच्या शेजारी उभं राहणं म्हणजे निर्लज्जपणा. पगार सुरुवातीपासून वडिलांच्या हातात, त्यामुळे दोघांचं खातं नाही. फिरायला म्हणाल तर लग्नकार्याला नाहीतर तेराव्याला. तेही ती बायकांच्या जीपमध्ये, हा पुरुषांच्या.

"आमच्याकडं नवरा-बायको असल्याचं दाखवायची पद्धतच नाय, साहेब," अंकुश काकुळतीला येऊन म्हणाला.

एजंट म्हणाला, "मग मॅडमचं काम होईल. तुमचं अडकू शकतं."

त्या संध्याकाळी अंकुश मेथी तपासायला खाली उतरलाच नाही. भाजीवाला दोनदा वर बघून गेला. सुनीता एकच वाक्य बोलली. "हे नाय आले तर मी बी नाय जाणार." आणि इतक्या मेहनतीनं मिळवलेलं ती खरंच सोडून देईल, हे मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी अंकुश कंबर कसून कामाला लागला. बँकेत खातं उघडलं. मग मला फोटोग्राफर नेमलं, कारण त्याच्या मते माझा हात स्थिर होता. आम्ही तिघं रिक्षानं मकबऱ्याला गेलो. सुनीता रात्रीची ड्यूटी करून आलेली, उभ्या उभ्या पेंगत होती. अंकुश तिच्यापासून हातभर लांब, राष्ट्रगीताला उभं राहावं तसा.

"अरे, खांद्यावर हात ठेव तिच्या," मी म्हटलं.

त्यानं आधी चारी दिशांना बघून घेतलं. देवगावचं कोणी नव्हतं. मग हात ठेवला, पण असा, की जणू तिला आता पोलीस ठाण्यात नेतोय. मी क्लिक केलं आणि तो म्हणाला, "थांबा, शर्ट बदलतो." पिशवीत त्यानं तीन शर्ट आणले होते. वेगवेगळ्या वर्षांचे फोटो वाटले पाहिजेत ना. सुनीतासाठी तीन ओढण्या होत्या. तो दर वेळी झाडामागे जाऊन नवा शर्ट घालून यायचा. शेवटी तिथला एक फळविक्या उठून आला. "क्या मियाँ, शूटिंग चल रई क्या?" तिथून पाणचक्की आणि सिद्धार्थ उद्यान झालं. शर्ट बदलत गेले.

एजंटानं फोटो पाहिले आणि गठ्ठा परत सरकवला. शर्ट वेगळे होते, पण सुनीताच्या केसातला मोगऱ्याचा गजरा सगळ्या वर्षांत एकच होता, आणि तोही मकबऱ्यापासून उद्यानापर्यंत हळूहळू सुकत गेला होता.

"रिजेक्ट," अंकुश घरी येऊन मला म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा हा शब्द त्याला लागलेला मी पाहिला.

मग एजंटानं सुचवलं, की खोटं काही करू नका, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून लिहून आणा. हे नवरा-बायको आहेत, हे तुम्हाला कसं ठाऊक, तेवढं खरं खरं लिहायचं. मी लिहायला बसले. लिहिलं, की हे दोघं कुकरच्या शिट्टीवरून भांडतात. तो तिला स्कूटरवरून ड्यूटीला सोडतो, आणायला जातो, आणि ती झोपेत असते म्हणून हेल्मेटचा पट्टा स्वतः तिच्या हनुवटीखाली लावतो. वाचून अंकुश संकोचला. "एवढं आतलं लिहायला पाहिजे का, काकू?" मी म्हटलं, "मला काय, तू भांडणावरच थांब म्हणत असशील तर थांबते." त्यानं कागद पुन्हा एकदा वाचला आणि माझ्या हातात दिला. मी दिलं तसंच पाठवून.

मग वाट पाहणं आलं. बरेच महिने गेले.

एका दुपारी मी बाजार करून जिना चढत होते. अंकुश आपल्या दाराबाहेर पायरीवर बसलेला. मला बघताच त्यानं ओठांवर बोट ठेवलं. खालून कुरिअरवाल्यानं हाक दिली तसा हा मांजराच्या पावलांनी उतरला, त्याला परतवून आला. दाराच्या बेलवर चिकटपट्टी होती. नवी नव्हती, कडा काळ्या पडल्या होत्या.

"हे काय?" मी कुजबुजले.

"तिची नाइट असली आणि मला सेकंड शिफ्ट असली की सकाळभर मी इथंच असतो, काकू. कोण ना कोण बेल वाजवतं. आज अर्धी सुट्टी टाकून आलो." मग खाली बघत म्हणाला, "आलं. एजंटाचा फोन आला कंपनीत. दोघांचं बी."

माझ्या हातातली पिशवी पडायचीच बाकी होती. "अरे, मग उठव की तिला."

"नाय. रात्री तिच्या वॉर्डातलं एक लेकरू गेलं. सकाळी आली ती बोलली बी नाय माझ्याशी. आत्ता कुठं डोळा लागलाय."

"वडिलांना कळवलंस?"

"कुणालाच नाय. आधी तिला. कमाई तिची हाय. मी तर संगं चाललोय."

जिन्यातून सगळ्या मजल्यांना बातम्या देणारा हा माणूस आयुष्यातली सगळ्यात मोठी बातमी पोटात धरून गुडघ्यांना मिठी मारून बसला होता. डोळे लाल झाले होते. मला त्याचं फार कौतुक वाटलं, आणि थोडा हेवाही. मी पिशवी ठेवली आणि त्याच्या शेजारी पायरीवर बसले. भंगारवाला आला तेव्हा मीच उठून त्याला हातानं घालवलं.

ऊन उतरता उतरता कडी वाजली. विस्कटलेल्या केसांनी सुनीता दारात उभी. "इथं का बसलाव? आणि काकू बी?"

"झोप झाली का?" त्यानं विचारलं.

"झाली. काय झालंय?"

"चल आत. आधी तोंड धू, मी चहा टाकतो."

दार लागलं. मी पिशवी उचलून माझ्या दाराशी आले, कुलपाला किल्ली लावली, तोच आतून अशी आरोळी ऐकू आली की वरच्या मजल्यावरचे लोक दारं उघडून बाहेर आले. आवाज सुनीताचा होता. इतक्या वर्षांत मी तिचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. वरून कोणीतरी विचारलं, "काकू, काय झालं हो?" मला सांगायचं होतं, पण रडू इतकं आलं की मी नुसता हात विमानासारखा वर नेऊन दाखवला.