राजनंदिनीचा कच्चा फोटो

“वहिनी, हे फोटो असे उघडत नसतात,” पुतणीच्या पहिल्या वाढदिवसाला एकच दिवस उरला असताना बुद्धभूषणनं सांगितलं. “रॉमध्ये काढलेत. म्हणजे कच्चे. नव्या कॅमेऱ्याचा हाच तर फायदा हाय! जेपीजी करून घ्या, झालं.” एवढं बोलून धाकटा दीर बॅग खांद्याला लावून फर्दापूरला पर्यटकांचे फोटो काढायला निघूनही गेला.

वर्षभर करुणा लेकीच्या वजनावर डोळे लावून बसली होती. राजनंदिनी खेळती होती, हसती होती, डॉक्टरांच्या मते ठणठणीत होती. पण काटा आठ किलोवर अडला होता आणि सासूबाईंचं, गीताबाईंचं, तोंड काही अडत नव्हतं. “लई वाळली गं पोर. पोटाला घालतीस का नाय?”

रविवारी काढलेल्या एकशे चाळीस फोटोंत एकच असा होता, की पोरीनं तोंडात बिस्कीट कोंबलेलं आणि गाल टम्म फुगलेले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर करुणानं तो स्वतः पाहिला होता. तोच उद्या मुकुंदवाडीच्या चौकात दहा फुटी फ्लेक्सवर लागणार होता. सासऱ्यांनी, सर्जेरावांनी, मजकूर कधीच देऊन ठेवला होता.

आधी तिनं फाइलच्या नावामागचं शेपूट पुसून तिथं जेपीजी लिहिलं. ढिम्म. मग फुकटात फोटो बदलून देणारी वेबसाइट सापडली. फाइल चढायला पाऊण तास लागला आणि नव्व्याण्णव टक्क्यांवर नेट गेलं. पुन्हा चढवली. या वेळी फोटो निघाला, पण आडवा झोपलेला, आणि नेमका गालावर वेबसाइटचं नाव गोंदलेला. तिसऱ्या खेपेला तो सरळ आणि स्वच्छ आला. तिनं हातोहात फ्लेक्सवाल्या बद्रीनाथला पाठवला.

लगेच फोन. “ताई, ह्यो तर पोस्टाच्या तिकिटाएवढा हाय. दहा फुटाला ताणला तर लेकराच्या तोंडावर नुसत्या फरश्या दिसतील.”

“अहो, मग आता?”

“कच्ची फाइलच धाडा. बघतो मी. टेन्शन घिऊ नका.”

टेन्शन घेऊ नका म्हणणाऱ्या माणसावर करुणानं जन्मात पहिल्यांदा विश्वास ठेवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळं घर चौकात उभं. ‘कु. राजनंदिनी’ या नावाखाली एक गुबगुबीत बाळ हसत होतं. गालाला खळ्या, मनगटाला वळ्या, तोंडात चार दात. राजनंदिनीला दोनच होते.

करुणानं बाजूला होऊन फोन लावला. “बद्रीनाथभाऊ, हे कुणाचं बाळ?”

“तुमची फाइल उघडलीच नाय, ताई. जागा मोकळी सोडता येत नसती. मग आपल्या कॉम्प्युटरमधलं एक टाकलं. वर्षाची लेकरं काय, समदी सारखीच!”

खरं सांगून टाकायला ती वळली, तर गीताबाई पदरानं डोळे पुसत होत्या. “रोज डोळ्यासमोर असली की कळत नाय बघ. किती भरलीय! मी उगाच बोलत होते तुला, करुणा. चुकलं माझं.”

“नाक तर आपलंच हाय,” सर्जेराव म्हणाले.

करुणानं उघडलेलं तोंड मिटलं. वर्षभरातली पहिली शाबासकी, तीही दुसऱ्याच्या लेकरावर मिळालेली. कडेवरची राजनंदिनी फ्लेक्सकडे बोट दाखवून “बाळ! बाळ!” ओरडत होती. घरात खरं फक्त दोघींना माहीत होतं, आणि त्यातली एक ते बोंबलून सांगतही होती.

दोन दिवसांनी सर्जेराव बिडकीनहून आले ते दारातूनच कडाडत. “आपल्या पोरीचा फ्लेक्स बिडकीनलाबी लागलाय! पण त्या बद्रीनाथानं घोळ घातला. खाली नाव काय, तर ‘चि. पुंडलिक’! माझ्या नातीचा पोरगा केला त्यानं. चल करुणा, तू शिकलेली हायस, जाब विचारू त्याला. पोरीलाबी घे संगं. बघू दे त्याला, ही कोण हाय ते!”

करुणानं पायात चप्पल सरकवली. लेकीला कडेवर घेतलं, तिच्या हाती बिस्कीट दिलं, आणि ते गालात नीट बसलंय का, हे दोनदा वाकून पाहिलं.