दोन ब्रेकची गाडी

मास्तरांच्या बायकोला ड्रायव्हिंग लायसन्स मिळालं आणि त्याच सकाळी मास्तरांचं गेलं.

आता हे तुम्ही वाचलंच नाही असं धरून चालू. असलं काही झालेलं नाही. मास्तर ड्रायव्हिंग स्कूल चालवतात. निम्मं गाव त्यांच्या हाताखाली शिकलंय आणि उरलेलं निम्मं त्यांची गाडी दिसली की फुटपाथवर चढतं. अशा माणसाचं लायसन्स जाईलच कसं?

तर रविवार होता आणि मास्तर चर्चमध्ये डोळे मिटून बसले होते. नवरा हा कुटुंबाचं मस्तक, असं पाळकसाहेब म्हणाले तेव्हा त्यांनी डोळे न उघडता मान डोलावली. हे वाक्य त्यांना फार आवडायचं. लग्नाच्या दिवशी हेच ऐकून ते सही करायला बसले होते. पण पाळकसाहेबांनी आज घात केला.

"बायकोनं नवऱ्याचं ऐकावं, हे सगळ्या पुरुषांना पाठ असतं," पाळकसाहेब म्हणाले, "बाकी काही पाठ नसलं तरी. त्याच्या आधीचं वाक्य कोणी वाचलंय? त्यात दोघांनाही एकमेकांच्या अधीन व्हायला सांगितलंय. आणि पुढे नवऱ्याला बायकोसाठी जीव द्यायला सांगितलंय. कोण तयार आहे, हात वर करा."

पुरुषांना एकाएकी खोकल्याची साथ आली. मास्तरांनी डोळे उघडले, तर बायको त्यांच्याकडे बघत होती. काही बोलत नव्हती, नुसती बघत होती. न बोलता बघणं हे तिचं सगळ्यात लांबलचक भाषण असे.

कारणही तसंच होतं. दुसऱ्या दिवशी तिची ड्रायव्हिंगची परीक्षा होती, तिसरी. बेकरीच्या मालकीणबाईंनी पावाची गाडी चालवायचं काम तिला देऊ केलं होतं, पण लायसन्स हातात असेल तरच. आणखी थांबायला त्या तयार नव्हत्या. आधीच्या दोन्ही वेळा ती नापास झाली होती आणि दोन्ही वेळा चूक मास्तरांच्या उजव्या पायाची होती. शिकवायच्या गाडीला दोन ब्रेक असतात, एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, एक शेजारी बसलेल्या मास्तरांच्या. मास्तरांच्या संसाराचीही हीच रचना होती, फक्त तिथे पहिला ब्रेक बसवायचा राहून गेला होता. पहिल्या परीक्षेत त्यांनी मांजर दिसलं म्हणून ब्रेक दाबला. मांजर एका गच्चीवर झोपलं होतं. दुसऱ्या परीक्षेत खड्डा दिसला म्हणून दाबला. खड्डा रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला होता. शिकवणाऱ्याने ब्रेक दाबला की शिकणारा नापास, असा नियम आहे.

घरी आल्यावर मास्तर म्हणाले, "ठरलं. आजपासून तू म्हणशील तसं."

"नाही हो. दोघांनी, असं म्हणालेत ना पाळकसाहेब. तुम्ही म्हणाल तसं."

"बरं, चहा कर. म्हणजे तुला करावासा वाटला तर."

"तुम्हाला चहा हवा की कॉफी?"

"तुला काय हवं?"

"तुम्ही घ्याल ते."

बराच वेळ हे चाललं. शेवटी दोघांनी गरम पाणी प्यायलं आणि फार छान लागलं असं एकमेकांना सांगितलं.

अधीनतेचा एक फटका मात्र तेव्हा कोणाच्या लक्षात आला नाही. "तुमच्या पाकिटातले कागद एकदा नीट बघून घ्या," असं ती गेलं वर्षभर सांगत होती. "माझं पाकीट आहे, मला कळतं," असं मास्तर वर्षभर उत्तर देत होते. त्या दिवशी तिने मनाशी म्हटलं, त्यांचं पाकीट आहे, त्यांना कळतं. आणि सांगायचं बंद केलं.

सकाळी परीक्षक साहेब फायलीचा पुठ्ठा छातीशी धरून मागच्या सीटवर बसले. मास्तर बायकोच्या शेजारी बसले, वाकून दोन्ही बूट काढले आणि सीटवर मांडी घातली.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"पाय खाली राहिला तर दाबला जातो, साहेब. सवय आहे."

साहेबांनी नियम आठवून पाहिले. मांडीबद्दल काही नव्हतं.

बायकोने गाडी सुरेख काढली. आरसा बघितला, सिग्नल दिला, शाळेसमोर वेग कमी केला. मास्तरांच्या पायाची बोटं मोज्यात वळवळत होती, पण मांडी टिकली. मग पुढे सर्कल आलं.

"कुठल्याही रस्त्यानं बाहेर पडा," साहेब म्हणाले. "निर्णय तुमचा."

आजवर इतक्या लोकांना इतक्या सूचना दिलेल्या साहेबांनी नेमकी हीच सूचना द्यायला नको होती.

"अहो, कुठून काढू?"

"तू म्हणशील तिथून."

"पण तुम्हाला कुठला रस्ता बरा वाटतो?"

"तुला वाटेल तो."

बोलता बोलता चारही रस्ते येऊन गेले. परीक्षेत नवरा-बायकोने एकमेकांशी बोलू नये असा नियम नव्हता. नियम करणाऱ्याचं लग्न झालेलं नसावं.

पुढच्या फेरीला एका तोंडाशी पाळकसाहेब स्कूटरवर थांबलेले दिसले. स्कूटर त्यांना मास्तरांनीच शिकवली होती. सर्कलमध्ये जो आत असेल त्याला आधी जाऊ द्यायचं, हे त्यांनी मास्तरांकडून शिकलेलं एकमेव वाक्य, आणि ते धर्मासारखं पाळायचे. म्हणून ते थांबले. मास्तरांची गाडी गेली. ते निघणार, तोच ती पुन्हा आली.

मास्तरांनी काच खाली केली. "पाळकसाहेब, दोघांनी एकदम नमतं घेतलं तर?"

"अहो, तर मग—" पाळकसाहेब म्हणाले आणि मागे पडले.

पुढच्या फेरीला: "—एकानं बोलायचं—"

त्याच्या पुढच्या: "—दुसऱ्यानं ऐकायचं, आणि—"

"आणि काय म्हणाले?" बायकोने विचारलं.

"येतंय, येतंय. जरा हळू घे. म्हणजे तुला वाटलं तर."

"—दुसऱ्या वेळी पाळी बदलायची! अधीन व्हा म्हणालो, स्टेअरिंग सोडा नाही म्हणालो!"

हा संदेश रविवारच्या संदेशापेक्षा पुष्कळ सोपा होता. चर्चलाही चाकं लावावीत असं मास्तरांना वाटून गेलं.

मागून साहेबांचा आवाज आला. तो सरकारी राहिला नव्हता. "बाई, थांबवा. मला मळमळतंय."

तिने डावीकडचा सिग्नल दिला, ब्रेकवर पाय ठेवला. ब्रेक खाली जाईना. तिने जोर लावला. तरीही जाईना. इतका वेळ गोल फिरून मास्तरांचा एक बूट घरंगळत त्यांच्या ब्रेकखाली जाऊन बसला होता, आणि एक ब्रेक अडला की दुसराही अडतो. अशी ती गाडी आहे.

गाडी पहिल्या गिअरमध्ये, म्हाताऱ्या माणसाच्या चालीने, फिरत राहिली.

"अहो, तुमचा बूट अडकलाय. काढा."

"काढू? म्हणजे तुझं मत..."

"माझं मत नाही. मी सांगतेय. खाली वाका आणि बूट काढा. आत्ता."

मास्तर वाकले. लग्नानंतर पहिल्यांदाच कुटुंबाचं मस्तक डॅशबोर्डखाली गेलं. तिथे फार अंधार होता आणि शेंगदाण्याची टरफलं होती. त्यांनी बूट ओढला, तिने ब्रेक दाबला, गाडी कडेला हलक्या हाताने थांबली. मास्तरांचं डोकं तेवढं टण्णकन आपटलं. साहेब दार उघडून झाडापाशी गेले.

इतक्या फेऱ्या बघून सर्कलवरच्या वाहतूक पोलीस बाई आल्या तेव्हा मास्तर एक बूट हातात घेऊन बाहेर उभे होते आणि मोज्यातून अंगठा बाहेर आला होता.

"गाडी कोणाच्या ताब्यात होती?"

"हिच्या," मास्तर म्हणाले. आणि असं म्हणताना आपल्याला अजिबात दुखलं नाही, याचं त्यांनाच आश्चर्य वाटलं. दुखत होतं ते डोकं.

साहेब रुमालाने तोंड पुसत परत आले. "सिग्नल प्रत्येक फेरीला दिला," ते थकून म्हणाले. "लेन सोडली नाही. मी आजवर एवढं सर्कल कोणाचंच तपासलेलं नाही."

"पण ह्यांनी हात लावला ना?" पोलीस बाईंनी विचारलं.

"बुटाला लावला. ब्रेकला नाही." साहेबांनी पुठ्ठ्यावर बरोबरची खूण केली. "पास. लायसन्स ऑफिसातून घेऊन जा. आणि मी चालत जाईन."

बायकोने मास्तरांकडे बघितलं. काही बोलली नाही, पण हे भाषण वेगळं होतं. मास्तरांना ते शेवटपर्यंत ऐकावंसं वाटलं.

"छान," पोलीस बाई म्हणाल्या. "आता शिकवणाऱ्यांचं लायसन्स दाखवा."

मास्तरांनी ऐटीत पाकीट काढलं. पोलीस बाईंनी लायसन्स उलटंसुलटं केलं, पुन्हा सुलटं केलं आणि खिशात घातलं.

"ह्याची मुदत गेल्या वर्षीच संपलीय, मास्तर. नवीन मिळेपर्यंत गाडी चालवायची नाही. शिकवायचीही नाही."

मास्तरांनी बायकोकडे बघितलं. ती झाडाकडे बघत होती. हसू दाबायला तिला दोन्ही ब्रेक लागले असते.

"मी सांगणार होते," ती म्हणाली, "पण तुमचं पाकीट."

ऑफिसात जाऊन तिने आपलं लायसन्स घेतलं आणि मास्तरांना गाडीतून घरी आणलं. येताना ते पुन्हा मांडी घालून बसले होते, बूट मांडीवर घेऊन. दुसऱ्या दिवसापासून ती पाव पोचवू लागली आणि पहिल्याच दिवशी परतताना तिने मास्तरांना चर्चच्या ऑफिसापाशी सोडलं, कारण त्यांना तिथे एक अर्ज द्यायचा होता. तो त्यांनी आधी तिला वाचून दाखवला. तिने एक शब्द बदलायला सांगितला, त्यांनी बदलला. अर्ज असा:

"माननीय कमिटीस, विषय: एक वाक्य स्थगित करणेबाबत. महोदय, एकमेकांच्या अधीन होण्याविषयीचे वाक्य अर्जदाराच्या बाबतीत रस्त्यावर लागू झाल्याने अर्जदार सध्या पायी आहे. तरी अर्जदाराचे लायसन्स नवे होईपर्यंत सदर वाक्य वाचू नये, त्याच्या नंतरचे वाचण्यास हरकत नाही, आणि चर्चच्या प्रत्येक बाकाला पुरुषांच्या बाजूने एक ब्रेक बसवून मिळावा, ही नम्र विनंती. पत्नीची परवानगी घेतली आहे."