कॉलेजचा नॉर्मल माणूस

रशीदचाचांना कोणी धंदा विचारला की ते सांगत, "नॉर्मल." पुतणीच्या लग्नात नेरचे पाहुणे आपापली ओळख सांगत होते. एक कापसाचे व्यापारी, एक वकील. चाचांनी छातीवर हात ठेवला. "मी नॉर्मल. फिजिओथेरपी कॉलेजात. आठ वर्सं झाले."

खरं तर त्यांचं यवतमाळला कळंब चौकात सायकल दुरुस्तीचं दुकान. मी त्या कॉलेजात तंत्रज्ञ. प्रयोगशाळेतल्या व्यायामाच्या सायकलची चेन तुटली, म्हणून मीच त्यांना बोलावलं होतं. चेन बसवून त्यांनी तपासणीसाठी वीस मिनिटं पायडल मारलं आणि साधा घामही पुसला नाही. तिथे एक विद्यार्थिनी हृदयरोग्यांच्या दमावर प्रबंध लिहीत होती. तुलनेला तिला साठीचा निरोगी माणूस हवा होता. तिनं नाडी पाहिली, यंत्रात फुंकायला लावलं आणि म्हणाली, "अगदी नॉर्मल."

चाचा तो शब्द घरी घेऊन गेले. पुढे दर नव्या प्रबंधाला तेच. मोजणी बुधवारी असे, सकाळीच इस्त्रीचा कुर्ता घालून हजर, आणि बाराला दुकान उघडायला परत. मंगळवारच्या लग्नात कोणी नाचायला ओढलं तर म्हणत, "छोड रे, उद्या माह्यी छाती कामाची हाय."

आमच्या कॉरिडॉरमध्ये दम तपासायला सहा मिनिटांची चाल होते. दोन लाल शंकूंमध्ये जितक्या फेऱ्या होतील तितक्या. रोगी चालू लागले की चाचा बाकावरून शिकवत. "ओ घाटंजीवाले, घड्याळाकडं काय पाहून राह्यले? ते का तुमच्यासंगं चालते?"

एक जण वैतागून म्हणाला, "तुमाले काय झालं हाय?"

"मले काईच नाही झालं, म्हणून तं बोलावते मले इथं."

चालीनंतर मी त्यांना विचारी, "चाचा, दम किती लागला? शून्य ते दहा."

"शून्य. मोठं लिव, बाबू."

गेल्या वर्षी उन्हाळ्यात चाची वारल्या. त्या आठवड्याच्या बुधवारीही चाचा आले. मी त्यांना चहा दिला आणि नेहमीसारख्या फेऱ्या घेतल्या. दुसरं काही सुचलं नाही.

दिवाळीनंतर एका प्रबंधासाठी ते चालत होते. पाचव्या मिनिटाला शंकूपाशी थांबले आणि चपलेत खडा गेल्यासारखे वाकले. खडा नव्हता, मी पाहत होतो. तेरा फेऱ्या झाल्या. नेहमी सोळा होत.

"दम?"

"शून्य," ते म्हणाले. ओठ पांढरे पडले होते. "नॉर्मल आलं ना, बाबू?"

"आलं," म्हणालो, आणि कागदावर सोळा लिहिलं.

प्रबंध द्यायला चार दिवस उरले होते, तो लिहिणाऱ्या मुलाचं काम अडू नये, असं मी स्वतःला सांगितलं. ते पूर्ण खरं नव्हतं. तुम्ही आता नॉर्मल नाही, हे चाचांना तोंडावर सांगायचं धाडस मला झालं नाही. डॉक्टरांची खोली एक जिना वर होती.

सहा महिन्यांनी टायर चढवताना चाचा दुकानातच कोसळले. हृदयाचा स्नायू फार थकलाय, आधी आले असते तर बरं झालं असतं, असं डॉक्टर म्हणाले. मी शेजारीच उभा होतो.

महिन्याभरानं त्यांना आमच्याकडे चालीसाठी पाठवलं. आठ फेऱ्या झाल्या. मी त्यांना बाकावर बसवलं आणि सांगून टाकलं.

"चाचा, दिवाळीनंतर तेरा झाल्या होत्या. मी सोळा लिहिल्या."

"मालूम हाय. चाललं कोन होतं? मीच ना."

"मग बोलले का नाही?"

"अन् दम सातचा होता. मी शून्य सांगतलं. झूठ दोघायचं हाय, तू एकटा कायले अंगावर घेतं?"

मला तेवढ्यावर सुटायचं नव्हतं. "पण का, चाचा?"

"तुही चाची गेल्यापासून मले दम लागते का, असं तूच एकटा इचारतं. बिमार निंगालो असतो तं तू मले त्या पेशंटच्या खोलीत धाडलं असतं. तिथं कोन हाय माह्यं?"

ती खोली त्या बाकामागच्या भिंतीपलीकडे आहे. दुपारी बारानंतर रोग्यांचे व्यायाम घ्यायला तिथेही मीच असतो. आठ वर्षांत हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.