मागच्या सीटचा दंड

समस्त चारचाकी, तीनचाकी आणि बेफाम दोनचाकी स्वारांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, सोलापुरात विजापूर रोडच्या आसपास काळ्या उंच सायकलवर पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ दिसल्यास त्यांच्या पाठीमागे विनाकारण हॉर्न वाजवू नये. वाजविल्यास दंड होईल. दंड रोख स्वीकारला जात नाही. ऑनलाइन तर नाहीच नाही. कुणाचीही ओळख चालत नाही. दंड बसून भरावा लागतो.

हे गृहस्थ म्हणजे आमचे शेजारी सिद्रामअण्णा. सारी नोकरी चादरीच्या कारखान्यात रंगखात्यावर झाली. आता सत्तरीला टेकलेत. बोलणं मऊ, चाल सावकाश, कपडे स्वच्छ. अशा माणसाला पाहून तुम्हाला वाटेल, हा काय कुणाशी भांडणार? मलाही तसंच वाटलं होतं. मग मी त्यांना सात रस्ता चौकात पाहिलं.

मागून हॉर्न वाजला की अण्णा आधी वळतात. वळतात म्हणजे मान वळवत नाहीत, कंबरेपासून वरचे अख्खे अण्णा मागे फिरतात. सायकल आपली पुढे वेलांट्या काढत चाललेली, आणि अण्णा मागे बघून गाडीचा चेहरा लक्षात ठेवताहेत. पुढे सिग्नलला ती गाडी सापडली की अण्णा सायकल तिच्या नाकासमोर आडवी स्टँडला लावतात, खिडकीपाशी जातात आणि हात जोडतात.

"नमस्कार. घाई हाय?"

"मग काय! सरका ना बाजूला!"

"लई घाई?"

"हो म्हटलं ना!"

"मग तर बसाच की मागं. भांडण न्हाय, काय न्हाय. नुसती एक चक्कर."

हाच तो दंड. गाडीवाल्यानं खाली उतरायचं, अण्णांच्या कॅरिअरवर बसायचं आणि चौकाला एक फेरी मारून यायची. कॅरिअरवर मरून रंगाच्या चादरीची घडी शिवून केलेली गादी आहे. त्यामुळे गैरसोय अशी होत नाही. फक्त अब्रू जाते.

"हॉर्न कानात वाजतो असं गाडीवाल्याला वाटतं," अण्णा मला एकदा म्हणाले. "न्हाय हो बापू. पोटात वाजतो. ते कळायला मागंच बसावं लागतं."

तुम्ही विचाराल, लोक बसतात? बसतात! एकदा एक गॉगलवाला तरुण होता. गाडीच्या मागच्या काचेवर मोठ्या अक्षरांत 'भावी नगरसेवक'. तो बसेना. त्यानं वरपर्यंत फोन लावले. वरचे फोन उचलेनात. अण्णा हात जोडून उभे. मागे वाहनांची रांग वाढत गेली आणि शेवटी एका रिक्षावाल्याचा धीर सुटला. "अरे बैठ जाव ना भाई! अण्णा छोडते नै किसकू!" भावी नगरसेवक बसले. चौकाला चक्कर सुरू झाली. दुतर्फा दुकानदार बाहेर आले, तसे सवयीनं त्यांनी लोकांना हातही केले. कोपऱ्यावरच्या फुलवालीनं मला विचारलं, "निवडून आलं का काय हो ते?"

चौकातल्या हवालदारानं सुरुवातीला हरकत घेतली होती. "अण्णा, वाहतुकीला अडथळा होतोय."

"व्हय साहेब," अण्णा म्हणाले. "म्हणूनच म्हणतोय, लवकर बसा म्हणावं त्यांना."

तेव्हापासून हवालदार आरोपीची गाडी स्वतः बाजूला लावून घेतो. एकाच वेळी दोन आरोपी सापडले तर अण्णा दुसऱ्याला नम्रपणे सांगतात, "आज जागा भरली. तुमी उद्या या." आणि खरं सांगतो, त्यातला एक खरोखर दुसऱ्या दिवशी आला होता. डबा घेऊन.

पण या सगळ्यात मला चमत्कारिक वाटायचं ते फेरी संपल्यावरचं. आरोपी खाली उतरला की अण्णा त्याला उपदेश करत नसत. डॉक्टर पोट दाबून विचारतात तसं विचारत, "भीती वाटली? कुटं वाटली? वळताना का थांबताना? पाय कुटं ठिवावं ते कळत हुतं?" त्या शरमलेल्या माणसाकडून उत्तर काढूनच त्याला सोडत. आणि दोन-चार दिवसांत सायकलमध्ये काहीतरी फरक पडे. आधी मागच्या चाकाशी पाय ठेवायच्या कांड्या आल्या. मग सीटखाली धरायला गोल कडी आली. मग दोन्ही बाजूंना आरसे आले. गादी तर तीनदा बदलली. इतका थाट आमच्याकडे नवरदेवाच्या घोड्याचाही नसतो.

आणि एवढं सगळं करून, ज्या एका माणसानं त्या सीटवर बसायला हवं होतं ते माणूस बसत नव्हतं. महानंदाकाकू. अण्णांची बायको.

दोघं मंडईला निघाले की बघावं. अण्णा सायकल हातात धरून चालताहेत. सायकलच्या पलीकडे काकू चालताहेत. मधे ती राजेशाही सीट, आणि तिच्यावर मेथीच्या दोन जुड्या.

काकूंचा सारा संसार त्याच कॅरिअरवर झालेला. दवाखाना तिच्यावर, पाहुण्यांकडचं जेवण तिच्यावर, दर जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा तिच्यावर. मग काही वर्षांपूर्वी आसरा चौकात एका उभ्या मोटारीचं दार अचानक उघडलं. सायकल दारावर गेली, काकू रस्त्यावर पडल्या, मनगट मोडलं. मोटारवाला दार लावून निघून गेला. मनगट जुळलं. काकू कुणाला काही बोलल्या नाहीत. फक्त पुढच्या वेळी अण्णांनी सायकल दारात आणली तेव्हा म्हणाल्या, "मी चालत येते."

त्यानंतर दरवेळी तेच. "मी चालत येते." गड्ड्याला त्या गल्लीतल्या बायकांबरोबर रिक्षानं जात. अण्णा सायकलनं एकटे जात. जत्रेत मोठ्या पाळण्यापाशी दोघं भेटत, ते बघण्याच्या कार्यक्रमाला आल्यासारखे. एकमेकांना "आलात का?" विचारत.

अण्णांना जगात एकच गोष्ट हवी होती. काकूंनी पुन्हा मागं बसावं. आणि गंमत बघा, साऱ्या सोलापुरातल्या गाडीवाल्यांना "बसा की" म्हणणारा हा माणूस घरात ते दोन शब्द काही उच्चारत नव्हता.

असं चाललेलं असताना पुण्याहून माझे मेहुणे आले. दिलीपराव. वजनानं आणि मतांनी सारखेच भारी. नवीकोरी पांढरी गाडी घेऊन आले आणि आमच्याच गल्लीच्या तोंडाशी अण्णांच्या पाठीमागे त्यांनी हॉर्न दाबला. एकदा नाही. पुण्याच्या पद्धतीनं, समोरचा नाहीसा होईपर्यंत.

रस्ता दाखवायला मी गाडीत शेजारीच बसलो होतो. "दिलीपराव," मी म्हणालो, "तुम्ही आता एक सांस्कृतिक अनुभव घेणार आहात."

खिडकीशी जोडलेले हात आले. "नमस्कार. घाई हाय?"

दिलीपरावांनी कायद्याची कलमं सांगितली. अण्णांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "बसा की." दिलीपरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी जावई माणूस, सासरच्या भानगडीत पडत नाही. मी आभाळाकडे पाहिलं.

दिलीपराव बसले. सायकलनं 'कुंई' असा उद्गार काढला. अण्णांनी पायडल मारलं आणि वरात चौकाकडे निघाली. मागून मी पायी. चौकात शिरताना एका टेम्पोनं हॉर्न मारला, आणि अण्णा वळले. अख्खे वळले. "ओ टेम्पोवाले, डोळं हायत का नुसतं भोंगंच हायत?" इकडे सायकल नारळाच्या गाड्याकडे निघालेली. दिलीपरावांनी डोळे मिटून अण्णांना पोटाभोवती मिठी मारली. पुण्याच्या माणसानं सोलापूरच्या माणसाला एवढ्या प्रेमानं धरलेलं मी आयुष्यात पाहिलं नाही. नारळवाल्यानं गाडा ओढला म्हणून निभावलं.

दंड भरून झाला की आरोपीला अण्णांच्या घरी चहा असतो, हे सांगायचं राहिलं. ओसरीवर कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि चहा आला. दिलीपरावांचा रंग हळूहळू परत येत होता. काकू दारात उभ्या होत्या. अण्णांनी खुर्ची पुढे ओढली.

"सांगा आता. भीती वाटली?"

"वाटली तर!"

"कुटं? गाड्यांची? हॉर्नची?"

"छे हो! गाड्यांची नाही आणि हॉर्नचीही नाही. तुमची वाटली."

"माझी?"

"हॉर्न वाजला की तुम्ही मागे वळून भांडायला लागता! मी मागे बघतोय, तुम्हीही मागे बघताय. अहो, पुढे कोण बघतंय?"

मी खळखळून हसलो, आणि एकटाच हसलो हे लक्षात येऊन थांबलो. अण्णा काकूंकडे बघत होते.

"त्या दिशी," अण्णा सावकाश म्हणाले, "आसरा चौकात... मागनं हॉर्न वाजला हुता न्हवं?"

"चहा गार होतोय," काकू म्हणाल्या.

"मी वळलो हुतो?"

काकू पुढे आल्या आणि त्यांनी दिलीपरावांच्या ताटलीत चटणीचा आणखी एक चमचा वाढला. "घ्या हो भाऊ. घरचीच हाय."

एवढी वर्षं त्या बाईनं हे पोटात ठेवलं होतं. नवऱ्याला दोष द्यायला नको, म्हणून चालत होत्या.

दुसऱ्या दिवसापासून दंडवसुली बंद. लोकांनी हॉर्न मारले, अण्णा सायकलवरून उतरून कडेला उभे राहिले. हवालदारानं मला काळजीनं थांबवलं. "अण्णांची तब्येत बरी नाही का हो?" भावी नगरसेवकसुद्धा चौकशी करून गेले.

मग एके दिवशी भल्या पहाटे अण्णा माझ्या दारात. "बापू, स्कूटर काढा. माझ्या मागं या आणि हॉर्न मारा."

"कधी?"

"सारखा."

वाचकहो, वडीलधाऱ्या शेजाऱ्याच्या पाठीमागे त्याच्याच विनंतीवरून हॉर्न वाजवत फिरण्याचं सुख फार थोड्यांच्या नशिबी असतं. मी ते मनसोक्त भोगलं. कॅरिअरवर काकूंच्या जागी ज्वारीचं पोतं बांधलेलं. पुढे अण्णा, मधे पोतं, मागे मी. पहिल्या दिवशी पहिल्याच हॉर्नला अण्णा कंबरेतून वळले आणि सवयीनं मला म्हणाले, "नमस्कार, घाई हाय?" पोतं रस्त्याला टेकता टेकता राहिलं. मग नुसती मान वळू लागली. मग नुसते खांदे उडू लागले. शेवटी शेवटी फक्त कान हलत. सारी गल्ली मला शिव्या देत होती. काकू दारात रांगोळी काढत बसायच्या. बघायच्या नाहीत. पण आम्ही गल्लीच्या टोकाहून परत येईपर्यंत एक ठिपकाही पुढे सरकलेला नसायचा.

गड्ड्याची जत्रा आली. गल्लीतल्या बायकांची रिक्षा दारात लागली. अण्णांनी सायकल धुऊन पुसून उभी केली होती. पोतं काढलेलं, गादी झटकलेली. एकच पुसलेला आरसा पुन्हा पुन्हा पुसत होते. मी आणि माझी बायको स्कूटरवर तयार होतो, आणि माझी बायको माझ्या पाठीत सारखं बोट खुपसत होती, "तुम्ही तरी म्हणा काहीतरी!"

काकू इरकल नेसून बाहेर आल्या. रिक्षाकडे निघाल्या. सायकलपाशी थांबल्या.

"मी चालत..." म्हणता म्हणता त्यांनी गादीवर हात फिरवला. मग विचारलं, "पोतं पडलं का एकदा तरी?"

"न्हाय," अण्णा म्हणाले. मग घसा साफ करून, इतक्या हळू की आम्हाला जेमतेम ऐकू आलं, "बसा की."

काकू बसल्या. पाय कांड्यांवर ठेवले. कडी धरायला हात नेला, आणि कडी सोडून अण्णांचा सदरा धरला. रिक्षातल्या बायका ओरडल्या, रिक्षावाल्यानं सलामी म्हणून हॉर्न मारला. अण्णा वळले नाहीत.

विजापूर रोडनं आम्ही निघालो. पुढे ते दोघं, मागे आम्ही, मंत्र्याच्या ताफ्यासारखे. सात रस्त्याच्या अलीकडे एक लांबलचक काळी मोटार आम्हाला ओलांडून अण्णांच्या मागे लागली आणि तिनं हॉर्न दिला. अण्णांचे कान हलले. मानेवर लाली चढली. हँडल सरळ. पुन्हा हॉर्न, अधिक लांब. अण्णांचे दोन्ही हात मुठींवर आवळलेले, टोपी एकदम ताठ, नजर सरळ समोर. चौकातला हवालदार शिट्टी तोंडात धरून बघतच राहिला. तिसऱ्यांदा हॉर्न वाजला.

वळल्या त्या काकू. कंबरेपासून वरच्या अख्ख्या काकू मागे फिरल्या. सायकल किंचित हलली, अण्णांनी सावरली, आणि भर चौकात काकूंचा खणखणीत आवाज आला:

"ओ हॉर्नवाले! हितली जागा भरली आता! तुमी आपलं गाडीतच बसा!"