कापडणीस सरांचा खरुजेचा नकाशा

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. त्या पदवीला पहिलं काम दिलं डॉ. कापडणीस सरांनी. त्यांच्याइतका मी कोणाचाच ऋणी नाही. तरी त्यांच्याबरोबर बसने जायला मी घाबरतो. बसमध्ये कोणी बोटांच्या बेचक्यांत खाजवताना दिसला, की सर त्याच्याच थांब्यावर उतरतात. देवळाली कॅम्पचं तिकीट काढून आम्ही एकदा भलत्याच वस्तीवर एका माणसाच्या दारात उभे होतो.

"दादा, घरात अजून कोणाला?"

"मतदार यादीचं काम हाय का?"

"नाही, खरुजेचं," सर अभिमानाने म्हणाले.

खरूज कुठल्या घरातून कुठे पसरते, याचा नकाशा सरांच्या नाशिकच्या घरी भिंतभर आहे. खरुजेच्या प्रत्येक घरावर एक लाल टिकली, कपाळाला लावतात तीच. टिकल्या बाईंच्या, म्हणजे सरांच्या पत्नीच्या. बाई गेल्या, पाकिटं उरली.

घोटीजवळच्या आमच्या गावाची पाहणी सरांनी मलाच दिली. आमच्या घरात तेव्हा सगळेच खाजवत होते. आई म्हणाली, "ताईला बघायला पाव्हणे यायचेत. नाय म्हणून लिव्ह." मी फॉर्मवर लिहिलं, 'नाही'.

पाहणीच्या गावात 'नाही' लिहिलेल्या घरीच मुक्काम करायचा, हा सरांचा नियम. माझा फॉर्म बघून ते खुशीत आमच्याकडे उतरले आणि वडिलांच्या गोधडीत झोपले. गोधडी मीच अंथरून दिली.

महिन्याभराने सरांच्या बोटांना खाज सुटली. नकाशासमोर उभं राहून त्यांनी आपले सगळे मुक्काम आठवले आणि आमच्या घरावर टिकली लावली. मला वाटलं, नोकरी गेलीच.

"बहिणीचं जमलं?" त्यांनी विचारलं. पाव्हण्यांचं त्यांनी मुक्कामातच ऐकलं होतं.

"हो सर."

"मग आता लाजायचं कारण संपलं. औषध घेऊन जा. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं, मानेपासून तळव्यांपर्यंत. पाठीला एकमेकांनी."

"तुमच्या पाठीला कोण लावतं?"

त्यांनी टेबलावरची फूटपट्टी उचलून दाखवली. टोकाला कापूस बांधला होता. "पोचते साधारण," म्हणाले.

तोंडावर काही बोलायचा धीर झाला नाही. घरी गेल्यावर पत्र लिहिलं:

"आदरणीय सर,
सा. न. वि. वि. फॉर्मवरचं 'नाही' चुकून पडलं नव्हतं, मी जाणूनबुजून लिहिलं होतं. माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला. आमच्याकडे सगळ्यांनी काल औषध लावलं. दुसऱ्यांदा पुढच्या रविवारी लावायचं आहे. तुम्हीही तोवर थांबा, एकट्याने लावू नका. त्या दिवशी मी पहिल्या बसने येतो."